वाचकांचे प्रश्न : मॉरिशसजवळचे ईल-ओ-झेग्रेत आणि तिथली जीवसृष्टी

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचे जुने बंदराचे गाव आहे. त्याच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे ८०० मीटरांवर, ईल-ओ-झेग्रेत हे साधारण २६ हेक्टरांचे छोटे बेट आहे. या बेटावरील निसर्गसंवर्धनाच्या कामावर आम्ही एक टिपण छापल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : मी मॉरिशसला जाऊन आलो आहे. तिथे जिकडे पाहावे तिकडे हिरवेगार आहे, नद्या आहेत, डोंगर आहेत. मग गोडे पाणीसुद्धा नसलेल्या एवढ्याशा बेटाला इतके महत्त्व का द्यायचे? (एक वाचक, नाशिक)

आपण पाहिलेली हिरवाई खरी आहे, पण तिच्यातला फार मोठा भाग उसाचा आणि बाहेरून आणलेल्या झाडांचा आहे. मॉरिशसचे मूळचे, चांगल्या अवस्थेतले जंगल आज त्या देशाच्या भूभागाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. १५९८ मध्ये डच खलाशी याच आग्नेय किनाऱ्यावर उतरले, १६३८ पासून त्यांनी वस्ती केली, त्यांच्यानंतर फ्रेंच आले आणि १८१० पासून इंग्रजांची सत्ता सुरू झाली. प्रत्येकाने आबनुसाचे लाकूड तोडले, जमीन मोकळी केली आणि जहाजांबरोबर उंदीर, मांजरे, डुकरे, माकडे आणली. या सगळ्यात सर्वांत आधी संपले ते किनाऱ्यालगतचे कोरड्या हवामानातले जंगल, कारण जहाजे लागत ती तिथेच आणि वस्ती व शेतीही आधी तिथेच झाली. ईल-ओ-झेग्रेतवर त्या किनारी जंगलाचा शेवटचा उल्लेखनीय तुकडा शिल्लक आहे, आणि हेच या बेटाचे खरे मोल आहे.

मुख्य बेट ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे आहे, तर हे छोटे बेट प्रवाळ आणि वाळू घट्ट होऊन बनलेल्या चुनखडीचे आहे. माती अगदी थोडी, पावसाचे पाणी खडकातून लगेच झिरपून जाणारे, वर खारे वारे. त्यामुळे इथली झाडे उंच होत नाहीत. त्यांच्यात सर्वांत महत्त्वाचे झाड म्हणजे इथला आबनूस. त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस एग्रेटॅरम असे या बेटावरूनच पडले आहे. विडीची पाने देणाऱ्या आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतले हे झाड आज अत्यंत संकटग्रस्त मानले जाते.

हे बेट अस्पर्श राहिले म्हणून वाचले, असा समज मात्र करून घेऊ नये. इथली झाडे सरपणासाठी तोडली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तोफा बसवण्यासाठी जंगल साफ केले. त्या तोफांच्या जागा आजही तिथे दाखवतात. १९६५ मध्ये बेटाला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला, परंतु प्रत्यक्ष काम उभे राहिले ते १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, म्हणजे १९८४ मध्ये मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था स्थापन झाल्यानंतर. लहान आकाराचा फायदा इथे कामी आला. मुख्य बेटावरचा प्रत्येक उंदीर पकडणे अशक्य आहे, पण २६ हेक्टरांवरचा पकडता येतो. १९९१ मध्ये या बेटावरून जहाजी उंदरांचा नायनाट करण्यात आला, आणि त्यानंतरच तिथे पक्षी व सरपटणारे प्राणी सोडण्याचा विचार करता आला.

प्रश्न : आपल्या टिपणात चिचुंद्रीचा उल्लेख "बेटावरचा सर्वांत चिवट शत्रू" असा होता. आमच्याकडे चिचुंद्री घरात आली तर किडे खाते म्हणून तिला कोणी मारत नाही. तीच चिचुंद्री तिथे शत्रू कशी ठरते? (एक वाचक, रत्नागिरी)

प्राणी तोच आहे. आपल्या घरांत आणि गटारांच्या कडेने फिरणारी चिचुंद्री अठराव्या शतकात जहाजांतून मॉरिशसला पोहोचली. आपल्याकडे तिच्याबरोबर लक्षावधी वर्षे राहिलेले किडे, पाली, सापसुरळ्या आहेत. त्यांना तिच्यापासून स्वतःला वाचवण्याची रीत ठाऊक आहे आणि चिचुंद्रीलाही घुबडांपासून सापांपर्यंत अनेक शत्रू आहेत. मॉरिशसमध्ये वटवाघळे सोडली तर मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. रात्रभर जमीन हुंगत फिरणाऱ्या, सतत भुकेल्या अशा लहान शिकाऱ्याची तिथल्या किड्यांना आणि पालींच्या पिल्लांना कल्पनाच नव्हती.

१९९९ मध्ये ईल-ओ-झेग्रेतवरून चिचुंद्री पूर्णपणे काढून टाकण्याची मोठी मोहीम झाली आणि ती अयशस्वी ठरली. उंदरांसाठी विषारी आमिष चालते, पण चिचुंद्री धान्याच्या आमिषाकडे फारशी वळत नाही. तिच्यासाठी जिवंत पकडणारे सापळे संपूर्ण बेटावर लावावे लागतात, आणि थोड्या माद्या जरी सुटल्या तरी संख्या पुन्हा भरून येते. माझ्या मते या अपयशाची मोकळेपणाने नोंद करून ती प्रसिद्ध करण्यात आली, ही त्या मोहिमेची मोठी देणगी आहे, कारण इतर बेटांवर काम करणाऱ्यांना नेमके काय कमी पडले हे त्यातून समजले.

यानंतर संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. टेलफेअरची सापसुरळी ही मॉरिशसची मोठी, धष्टपुष्ट सापसुरळी उंदरांमुळे सगळीकडून नाहीशी झाली होती आणि उत्तरेकडच्या राउंड आयलंड या एकाच बेटावर उरली होती. २००६-०७ मध्ये तिथून काही सापसुरळ्या ईल-ओ-झेग्रेतवर आणून सोडल्या. मोठी सापसुरळी चिचुंद्रीच्या बरोबरीने टिकेल आणि कदाचित तिच्यावर थोडा वचकही ठेवेल, अशी अपेक्षा होती. सुरुवातीची वर्षे कठीण गेली, पण आज पायवाटेच्या कडेला ऊन खात बसलेली ही सापसुरळी पर्यटकांनाही दिसते.

भारतातून मॉरिशसला गेलेल्या प्राण्यांत चिचुंद्री एकटी नाही. टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १७६२ मध्ये साळुंकी भारतातून मुद्दाम नेण्यात आली. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये तिथे सुटला आणि आता तो परक्या झुडपांच्या बिया जंगलभर पसरवतो. मुंगूस विसाव्या शतकाच्या आरंभी उंदरांसाठी आणले गेले आणि त्याने पक्ष्यांनाही सोडले नाही. झाडांचीही तीच गत आहे. ईल-ओ-झेग्रेतवर ज्या परक्या झाडांशी वर्षानुवर्षे झुंज चालू आहे, त्यांत आपल्या रानातले काटेरी तांबट आहे आणि आपल्याकडे सामाजिक वनीकरणात एके काळी मोठ्या हौसेने लावलेली, मूळची अमेरिकेतली सुबाभूळही आहे. सुबाभळीच्या शेंगांतून किती बी पडते आणि तोडल्यावर बुंध्यातून ती किती झपाट्याने फुटते, हे ज्यांनी आपल्या शेताच्या बांधावर पाहिले आहे, त्यांना तिथल्या कामगारांचे कष्ट वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

प्रश्न : परके प्राणी आणि परकी झाडे काढून टाकायची, असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे सेशेल्समधल्या आल्डाब्राची महाकाय कासवे आणून सोडायची, यात विसंगती नाही का? (एक वाचक, पुणे)

या अंकातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

मॉरिशसवर महाकाय कासवांच्या दोन स्वतंत्र जाती होत्या. ही कासवे अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ जिवंत राहू शकत, आणि हेच त्यांच्या मुळावर आले. खलाशी ताज्या मांसाची बेगमी म्हणून ती जिवंतच जहाजांत रचून नेत. जमिनीवर घातलेली त्यांची अंडी आणि पिल्ले डुकरांनी व उंदरांनी खाल्ली. अठराव्या शतकात मुख्य बेटावरून ती संपली. डोडो नाहीसा झाला, हे जगाला ठाऊक आहे. त्याचे शेवटचे सर्वमान्य दर्शन १६६२ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यालगतच्याच एका लहान बेटावर झाले होते. कासवांबद्दल मात्र तेवढे बोलले जात नाही. वास्तविक जंगलाच्या दृष्टीने कासवांचे जाणे अधिक मोठे नुकसान असावे, कारण मॉरिशसवर हरणे, ससे, गुरे असे चरणारे सस्तन प्राणी मुळात नव्हतेच आणि चरण्याचे, जमीन तुडवण्याचे, फळे गिळून बिया दूर नेण्याचे सारे काम ही कासवेच करत होती.

तोड थांबल्यानंतर ईल-ओ-झेग्रेतवर हे नुकसान स्पष्ट दिसू लागले. आबनुसाला मोठी, गरयुक्त फळे येत, ती झाडाखाली पडत, तिथेच सडत, आणि रुजली तरी आईच्याच सावलीत दाटीवाटीने रुजत. ज्या भागात पूर्वी तोड झाली होती तिथे दशकांनंतरही आबनुसाचे रोप दिसत नव्हते. झाडे जिवंत होती, फुलत-फळत होती, तरी त्यांचे वन पुढे सरकत नव्हते, कारण फळ खाणाराच उरला नव्हता.

२००० मध्ये आल्डाब्राची कासवे बेटावर आणण्यात आली, सुरुवातीला कुंपणात आणि पुढे मोकळी. ती आबनुसाची फळे आवडीने खातात असे दिसून आले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गोष्टी सिद्ध झाल्या. कासवांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजत होत्या; आणि ज्या मोकळ्या पट्ट्यांत आबनूस नव्हता तिथे, मूळ झाडांपासून दूर, त्याची दाट रोपे उगवू लागली होती. कासव झाडे लावत नाही, पण त्याच्या संथ चालीत आणि लांबलेल्या पचनात बी आईपासून दूर पोहोचते, आणि आबनुसाला नेमके तेच हवे होते.

दुसरा पुरावा मला त्याहूनही विलक्षण वाटतो. मॉरिशसच्या अनेक मूळ झाडांची कोवळेपणीची पाने आणि मोठेपणीची पाने एकमेकांसारखी नसतात. रोप लहान असताना पाने अरुंद, वेगळ्या आकाराची, काही जातींत लालसर शिरांची असतात, आणि झाड ठराविक उंचीच्या वर गेले की रुंद, साधी पाने येऊ लागतात. आल्डाब्राच्या कासवांपुढे दोन्ही प्रकारची पाने ठेवून पाहिली, तेव्हा त्यांनी मोठ्या झाडांची पाने पसंत केली आणि रोपांची पाने टाळली. कासवाची मान जिथवर पोहोचते तिथवर झाड आपला बचाव करत होते. ज्या कासवांसाठी हा बचाव घडला, ती गेल्याला दोनअडीचशे वर्षे झाली, तरी झाडांमध्ये तो तसाच राहिला आहे. याचाच अर्थ असा, की कासव पुन्हा आणल्याने मूळ झाडांना ते परके वाटत नाही, उलट असा बचाव नसलेली परकी रोपे मात्र चरली जातात.

आता विसंगतीबद्दल. चिचुंद्री बेटावर आली आणि तिने असे एक काम सुरू केले की जे तिथे कोणीच करत नव्हते. आल्डाब्राचे कासव आले आणि त्याने बंद पडलेले काम पुढे चालू केले. जन्मस्थान पाहिले तर दोघेही परके आहेत, पण बेटाच्या जीवनातले त्यांचे स्थान पूर्ण भिन्न आहे, आणि माझ्या मते निर्णय या दुसऱ्या कसोटीवरच घ्यायला हवा. शिवाय इथे सावधगिरीही होती. कासव मोठे असते, हळू चालते, वाढीला अनेक वर्षे घेते, कुंपणात राहते. काही विपरीत दिसले असते तर सर्व कासवे उचलून परत नेता आली असती. उंदीर किंवा बुलबुल एकदा सुटला की असा परतीचा मार्ग उरत नाही. हा प्रयोग इथे यशस्वी झाल्यानंतर २००७ पासून राउंड आयलंडवरही कासवे सोडण्यात आली.

आल्डाब्राची कासवे आज उपलब्ध आहेत, यामागेही मॉरिशसचा संबंध आहे. १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरकडे अर्ज करून या शेवटच्या महाकाय कासवांचे रक्षण करण्याची विनंती केली होती, कारण आल्डाब्रा तेव्हा त्याच वसाहतीच्या अखत्यारीत होते. आज आल्डाब्रावर सुमारे एक लाख कासवे आहेत.

प्रश्न : गुलाबी कबुतरांना तिथे रोज दाणे घालतात असे वाचले. माणसाच्या हातून खाणाऱ्या पक्ष्याला वन्य कसे म्हणायचे? (एक वाचक, नागपूर)

गुलाबी कबुतर हे फक्त मॉरिशसमध्ये आढळणारे कबुतर. १९९० च्या सुमारास ती निसर्गात जेमतेम दहा उरली होती. बंदिवासात वाढवलेली पिल्ले सोडून, घरट्यांचे उंदीर-मांजरांपासून रक्षण करून आणि आजारी पिल्लांवर उपचार करून ही संख्या काही शेंवर नेण्यात आली. १९९४ पासून ईल-ओ-झेग्रेतवरही त्यांचा एक गट आहे. त्यांना ठरावीक ठिकाणी दाणे ठेवले जातात, हे खरे. मूळ जंगल इतके थोडे आणि इतके विस्कळीत आहे की वर्षभर पुरेशी फुले-फळे त्यांना मिळत नाहीत. दाणे थांबवले तर तत्त्व शाबूत राहील आणि पक्षी जातील. घरटे बांधणे, जोडी जमवणे, पिल्ले वाढवणे हे सगळे ती स्वतःच करतात. तेव्हा त्यांना वन्य म्हणण्यास मला अडचण वाटत नाही.

मात्र काळजीचे कारण वेगळे आहे. दहा पक्ष्यांपासून वाढलेल्या समूहात आनुवंशिक विविधता फार कमी राहते, आणि गेल्या काही वर्षांतील जनुकीय अभ्यास सांगतो की संख्या वाढूनही ही जात शंभरेक वर्षांत निसर्गातून नाहीशी होऊ शकते. त्यावरचा उपाय युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत आहे, कारण तिथल्या कबुतरांमध्ये निसर्गातून हरवलेले काही जनुकीय वैविध्य टिकून आहे; ते पक्षी मॉरिशसला नेऊन वन्य समूहात मिसळणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये या कबुतराचा धोक्याचा दर्जा "संकटग्रस्त"वरून एक पायरी खाली आणला गेला, ही आनंदाची बातमी आहे, पण तिचा अर्थ काम संपले असा नाही.

सुगरणीच्या कुळातला मॉरिशस फोडी आणि ऑलिव्ह रंगाचा चष्मेवाला हे आणखी दोन पक्षी इथे आणले गेले. मुख्य बेटावर त्यांची अंडी उंदीर आणि माकडे खातात, म्हणून धोक्यातल्या घरट्यांतून अंडी व पिल्ले काढून, हाताने वाढवून, फोडी २००३ पासून आणि चष्मेवाला २००६ पासून या बेटावर सोडण्यात आले.

प्रश्न : २०२० च्या तेलगळतीत हे बेट सापडले होते ना? त्यातून ते सावरले का? (एक वाचक, मुंबई)

होय. २५ जुलै २०२० रोजी जपानी मालकीचे "वाकाशिओ" हे मालवाहू जहाज पॉइंत देस्नी या ठिकाणी, ईल-ओ-झेग्रेतच्या अगदी जवळ, प्रवाळाच्या कड्यावर चढले. जहाजात माल नव्हता, पण इंधनाच्या टाक्यांत सुमारे ४,००० टन तेल होते. ६ ऑगस्टपासून गळती सुरू झाली, सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले आणि १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. सरकारी मदत पोहोचेपर्यंत थांबून न राहता तिथल्या हजारो नागरिकांनी उसाची पाने कापडात भरून आणि त्यांना प्लास्टिकच्या बाटल्या बांधून तरंगते बांध तयार केले. ज्या उसासाठी किनाऱ्याचे जंगल गेले, त्याच उसाची पाने किनारा वाचवायला कामी आली.

बेटाच्या कडेच्या खडकांना तेल लागले, आतले जंगल मात्र थेट तेलाखाली आले नाही. तरीही वाफांचा आणि पुढच्या परिणामांचा अंदाज नसल्यामुळे रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपे, काही लहान कासवे आणि काही फोडी व चष्मेवाले मुख्य बेटावर हलवण्यात आले. आसपासच्या लहान बेटांवरच्या दोन जातींच्या सापसुरळ्या आणि एका लहान निशाचर पालीचे नमुने इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर, ड्युरेल या वन्यजीव संवर्धन संस्थेच्या प्राणिसंग्रहालयात विमानाने नेण्यात आले, म्हणजे मूळ ठिकाणी काही अघटित झाले तरी जात शिल्लक राहावी.

सावरण्याबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, असे मला वाटते. डोळ्यांना दिसणारे तेल काही महिन्यांत निघाले, पण हे २०२० पासून सक्तीने वापरात आलेले कमी गंधकाचे नवे इंधन होते, आणि उष्ण कटिबंधातल्या खारफुटीच्या चिखलात ते कसे वागते याचा अनुभव तेव्हा जगाला नव्हता. शेजारचे ब्लू बे सागरी उद्यान आणि पॉइंत देस्नीची पाणथळ जागा ही दोन्ही रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या ठरवलेल्या पाणथळ जागा आहेत. एवढ्या मोलाच्या किनाऱ्याजवळून जाणाऱ्या जहाजांनी किती अंतर राखायचे, हा नियमांचा प्रश्न त्या बेटावरच्या कोणाच्याही हातात नाही, आणि तीस वर्षांच्या कामाला सर्वांत मोठा धोका तिथूनच आला.

प्रश्न : आम्ही मॉरिशसमध्ये चार पिढ्यांपासून राहणारे मराठी कुटुंब आहोत. या कामाला आमच्यासारख्यांचा उपयोग काय? (एक वाचक, मॉरिशस)

आपल्या अंगणापासून सुरुवात करावी. मॉरिशसमध्ये मूळ जातींची रोपे वाढवणाऱ्या रोपवाटिका आहेत. तिथून रोपे घेऊन लावावीत. बॉटल पाम या देखण्या झाडाचे उदाहरण घ्या. निसर्गात ते फक्त राउंड आयलंडवर, अगदी थोड्या संख्येने आहे, आणि बागांमध्ये जगभर आहे. (महाराष्ट्रात आम्ही रॉयल पामलाही सर्रास बॉटल पाम म्हणतो, खरा बॉटल पाम बुटका असतो आणि त्याचा बुंधा तळाशी फुगलेला असतो.) अंगणात सुबाभूळ किंवा तांबट उगवले असेल तर ते फुलण्याआधी काढून टाकावे.

बेटावर जायचे असेल तर पॉइंत जेरोमहून होडी मिळते आणि मार्गदर्शकाबरोबर दीड-दोन तासांत फेरी होते. या फेऱ्यांचे शुल्क संवर्धनाच्या कामात वापरले जाते. मुलांना जरूर न्यावे. होडीत बसण्यापूर्वी बूट-चपलांच्या तळाची माती आणि कपड्यांना चिकटलेल्या बिया काढून टाकाव्यात, पिशव्या उघडून आत मुंग्या, पाली किंवा चुकून शिरलेला उंदीर नाही ना हे पाहावे, आणि फळे बरोबर नेली असतील तर त्यांच्या बिया परत आणाव्यात.